जुन्या ऑटोमॅटिक गाडीचं गिअर ऑइल कधी बदलावं?

अब्बांचे गुडघे दुखतात, क्लच दाबवत नाही, म्हणून बऱ्याच घरांत जुनी ऑटोमॅटिक गाडी घेतली जाते. गाडी लाखभर किलोमीटर पळालेली असते. मग एक मेकॅनिक म्हणतो, ऑइल बदला. दुसरा म्हणतो, हात लावू नका, गिअरबॉक्स बसेल. ऐकायचं कोणाचं?

आधी गिअरबॉक्स कोणता ते बघा. २०१४ साली सेलेरिओबरोबर आलेली एएमटी म्हणजे मुळात मॅन्युअल गिअरबॉक्स; क्लच दाबायचं आणि गिअर बदलायचं काम तेवढं यंत्र करतं. तिचं ऑइल वेगळं. सीव्हीटीचंही वेगळं. इथे बोलतोय ते टॉर्क कन्व्हर्टरच्या गाड्यांबद्दल.

या गिअरबॉक्समध्ये ऑइल तीन कामं करतं: वंगण देतं, दाबाने गिअर बदलतं आणि उष्णता वाहून नेतं. त्याचा खरा शत्रू उष्णता. विदर्भात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो. त्यात घरची सात माणसं आणि लग्नाचं सामान घेऊन आर्णीहून माहूरचा चढ चढायचा, म्हणजे गिअरबॉक्सला कष्टाचीच नोकरी. काही गाड्यांच्या पुस्तिकेत ‘आयुष्यभराचं ऑइल’ असं लिहिलेलं असतं. पण अशा वापरासाठी बऱ्याच पुस्तिकांत कमी अंतराचा वेगळा तक्ता असतो. आपण तोच पाहायचा. आकडा नसेलच, तर साधारण साठ हजार किलोमीटरला बदल करणं शहाणपणाचं.

गाडी जुनी आणि मागचा हिशोब माहीत नसेल, तर थोडं ऑइल काढून पाहा. तपकिरी झालंय, पण गिअर नीट पडतात? बदला. काळं आहे, जळका वास येतो, इंजिन ओरडतं पण गाडी पुढे सरकत नाही? मग आधी तपासणी करा. आतल्या क्लच प्लेटा झिजल्या असतील, तर नव्या ऑइलने त्या भरून येणार नाहीत. बदलल्यावर गिअरबॉक्स बसला असं लोक सांगतात, त्यातले बरेच गिअरबॉक्स आधीच थकलेले असतात.

बदलतानाही घाई नको. खालचा नट उघडला तरी सगळं ऑइल बाहेर येत नाही. बरंचसं टॉर्क कन्व्हर्टरमध्ये राहतं. समजा एका वेळी ४० टक्के निघालं, तर जुनं ६० टक्के उरतं; दुसऱ्यांदा ३६ आणि तिसऱ्यांदा सुमारे २२. म्हणून काहीशे किलोमीटरच्या अंतराने दोन-तीनदा बदलावं. जुन्या गाडीत मशीनने दाब देऊन धुलाई करू देऊ नका. तळाचा गाळ सुटून बारीक वाटा तुंबू शकतात.

पुस्तिकेत दिलेल्या प्रतीचंच ऑइल घ्या. ‘सगळ्यांना चालतं’ म्हणून कोणतंही नको. जेवढं काढलं तेवढं मोजून भरा आणि पातळी सांगितलेल्या तापमानालाच तपासा. फिल्टर बदलता येत असेल, तर तोही बदला.

तपासणीत गिअरबॉक्स संपलेला निघाला, तर दुरुस्तीचा अंदाज गाडीच्या बाजारभावाशी ताडून पाहा. जुन्या गाडीत तो खर्च कधी कधी गाडीच्याच किमतीला जाऊन भिडतो. घराचं बजेट कोलमडण्याआधी हा हिशोब कागदावर मांडा आणि मगच होकार द्या. ऑइल बदललं असेल, तर तारीख, किलोमीटर आणि ऑइलचं नाव लिहून बिल गाडीतच ठेवा. पुढचा निर्णय सोपा होईल, आणि गाडी विकली तर घेणाऱ्यालाही खरं सांगता येईल.