पहिला प्रोग्रॅम : धरण किती टक्के?

श्रावण लागला की पैठणात ओळखीचा माणूस ‘कसं काय?’ विचारत नाही, ‘धरण किती?’ विचारतो. उत्तर टक्क्यांत येतं. तो टक्का कसा काढतात हे मात्र फारसं कुणाला सांगता येत नाही. मी जन्मभर गणित शिकवलं, त्यामुळे मला ते खटकतं. निवृत्तीनंतर घरी येणाऱ्या पाच-सात मुलींना कॉम्प्युटरवर पहिली गोष्ट शिकवली ती हीच. त्यातून जे दिसलं आणि गावाने जे करावंसं वाटतं, ते खाली मुद्द्यांत मांडते.

१. ‘कॉम्प्युटर झालंय’ म्हणजे नेमकं काय झालंय? आपल्याकडे त्याचा अर्थ एमएस-सीआयटी. एमकेसीएलने २००१ साली हा कोर्स आणला आणि गावोगावच्या कितीतरी मुलींनी माउस पहिल्यांदा धरला तो त्यामुळेच. ते ऋण मी नाकारत नाही. पण अर्ज टाइप करा, तक्ता भरा, प्रिंट काढा, इथवर तो थांबतो. पुढे टायपिंग ३०, टायपिंग ४०. मग प्रमाणपत्र लॅमिनेट होतं आणि लग्नाच्या बायोडाटात एक ओळ वाढते. यंत्र काय करणार हे दुसऱ्या कुणीतरी आधीच ठरवलेलं असतं. आपली मुलगी फक्त बटणं दाबते. तसं पैठण दाखल्यांचं गाव आहेच. शुद्धिपत्र मागायला ज्ञानदेव भावंडांसह इथेच आले, असं परंपरा सांगते. रेड्याची गोष्ट सगळ्यांना पाठ आहे; त्या चौघांत मुक्ता नावाची लहान मुलगी होती, हे पटकन कुणाच्या ध्यानात येत नाही. तिचं नाव राहिलं ते त्या दाखल्यामुळे नव्हे.

२. आता धरणाचा हिशेब. पैठणच्या या जायकवाडी धरणाची पूर्ण साठवण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर. त्यातला ७३८ मृतसाठा, म्हणजे तळाशी राहणारं, एरवी वापरात न धरलं जाणारं पाणी. उरलेला २,१७१ हा उपयुक्त साठा आणि टक्के काढायचे ते याचे. समजा आज धरणात १,८२३ आहे. आमच्या मुलींनी पहिल्या झटक्यात १,८२३ ला २,९०९ ने भागलं आणि ‘६३ टक्के’ म्हणून टाळ्या पिटल्या. पेपरात ५० छापून आले असते. मृतसाठा वजा करायचा राहिला होता. ती वजाबाकी घातली, पायथॉन या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत चार ओळी झाल्या, उत्तर जुळलं. मग एकीने मुद्दाम ७०० आकडा टाकला. उत्तर उणे आलं. ‘बाई, टक्के उणे कसे?’ म्हणून ती माझ्याकडे पाहू लागली. २०१९ च्या उन्हाळ्यात धरण मृतसाठ्याच्याही खाली गेलं होतं, तेव्हा असेच उणे आकडे बातम्यांत येत होते, हे तिला सांगितलं. तिने आपणहून ‘जर साठा ७३८ पेक्षा कमी असेल तर’ अशी ओळ घातली आणि पुढे लिहिलं, ‘पाणी जपून वापरा’. दुसरीने शंभर टक्क्यांच्या वरची अट घातली. तिच्या घरी २००६ चा पूर सगळ्यांना आठवतो.

यालाच प्रोग्रॅमिंग म्हणतात. नेहमीचं काय, नेहमीचं नसेल तेव्हा काय आणि कुणी वेडंवाकडं काही टाकलं तर काय, हे आधी विचारात घ्यायचं. पुस्तकात पहिला प्रोग्रॅम ‘हॅलो वर्ल्ड’ असतो. पैठणच्या मुलीला जगाला नमस्कार घालण्यापेक्षा नाथसागराची, म्हणजे जायकवाडीच्या जलाशयाची, चौकशी जास्त जवळची वाटते, एवढंच मला कळलं.

३. ‘मुलींना हे जमेल का?’ असं विचारणाऱ्यांनी एकदा पैठणीच्या मागाशेजारी बसून यावं. हातमागावरच्या अस्सल पैठणीत पदरावरच्या नक्षीचे धागे जकार्ड नावाचं यंत्र उचलून देत नाही. प्रत्येक रंगाची कांडी वेगळी. कुठला रंग ताण्याच्या कितव्या धाग्यावर थांबणार, शेजारच्या रंगात अडकून कुठून परत फिरणार, हे विणणारी बाई मोजत असते. धागा चुकला तर मोराची मान वाकडी होते आणि तेवढी वीण उसवून पुन्हा करावी लागते. चूक शोधून मागे जायचं आणि तिथून पुढे यायचं, हीच सवय प्रोग्रॅम लिहिणाऱ्यालाही लागते. ज्यांना जगाचा दाखला हवा त्यांच्यासाठी : १९४६ साली अमेरिकेत लोकांपुढे आलेल्या एनियाक या अवाढव्य संगणकाचे पहिले प्रोग्रॅम सहा स्त्रियांनी बसवले होते.

पण मागाचं कौतुक करून थांबणं मला पटत नाही. यंत्रमागावर मोर नि मुनिया आता फाइलमधून उतरतात. इलेक्ट्रॉनिक जकार्डला नक्षी कॉम्प्युटरवरून मिळते. २०१० साली पैठणीला भौगोलिक मानांकन मिळालं, त्याने नाव जपलं जाईल. नक्षीची फाइल कोण तयार करणार आणि तिचे पैसे कुणाच्या खिशात जाणार, हे काही मानांकन ठरवत नाही. ती फाइल विणकराच्या मुलीला करता यायला हवी. मग तिने ती यंत्रमागवाल्याला विकावी, नाहीतर आईच्या मागासाठी कागदावर छापून घ्यावी.

४. प्रोग्रॅमिंग शिकवणं सहावीपासून सुरू व्हावं. २०२४-२५ पासून राज्याने आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या, सवलतीस पात्र मुलींची व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ केली, हे फार चांगलं झालं. पण ती सवलत शाळा संपल्यानंतरची, आणि तिथवर पोचणाऱ्यांची. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार राज्यात २० ते २४ वयाच्या शंभर स्त्रियांमागे जवळपास २२ जणींचं लग्न अठराच्या आत झालेलं होतं, आणि मराठवाड्यातले बरेच जिल्हे त्याहून वाईट आहेत. नव्या शैक्षणिक धोरणातही सहावीपासून कोडिंग लिहिलेलं आहे. लिहिलेलं आहे, एवढंच.

५. पैसा. हा मुद्दा मी सर्वांत महत्त्वाचा मानते. जिल्हा परिषदेला स्वतःच्या उत्पन्नातले दहा टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात, नगरपरिषदेला पाच टक्के. हे पैसे दरवर्षी खर्च होतात. कशावर? शिलाई मशीन, सायकली, ब्युटी पार्लरचं प्रशिक्षण आणि मुलींसाठी ‘संगणक प्रशिक्षण’, म्हणजे पुन्हा एमएस-सीआयटी. शिलाई मशीनवर माझा राग नाही, कित्येक घरं त्यावर चालली आहेत. माझी मागणी एका ओळीची आहे : ‘संगणक प्रशिक्षण’ या शब्दांपुढे ‘प्रोग्रॅमिंगसह’ हा शब्द घाला आणि निविदेच्या अटींत शिकवायचं काय ते स्पष्ट लिहा. नवा शासन निर्णय नको, नवं बजेट नको, उद्‍घाटनाची फीतही नको.

६. किल्ली. एका शाळेत मी कॉम्प्युटर लॅब पाहिली. दहा यंत्रं, सगळ्यांवर प्लास्टिकची आवरणं, दाराला कुलूप. कंत्राट संपलं, शिक्षक गेले, आणि किल्ली ज्यांच्याकडे होती त्यांना ‘काही बिघडलं तर जबाबदार कोण’ ही धास्ती. वस्तू बिघडेल म्हणून मुलांना तिच्यापासून लांब ठेवायचं, मग ती पडून राहूनच खराब होते. रविवारी सकाळी दहा ते बारा लॅब उघडी ठेवावी आणि ते दोन तास फक्त मुलींचे असावेत. ‘फक्त’ का, तर एका यंत्रावर तिघं बसले की माउस मुलाच्या हाती आणि वही मुलीच्या हाती जाते. हे मी वर्गात वर्षानुवर्षं पाहिलंय. घरच्या मोबाईलवर शिकतील म्हणाल, तर वर सांगितलेल्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात राज्यात इंटरनेट कधीतरी वापरलेल्या स्त्रिया शंभरांत चाळीसही भरल्या नाहीत, पुरुष साठाच्या वर होते. घरातला मोबाईल आधी कुणाला मिळतो हे तुम्हालाही ठाऊक आहे.

वेळ सकाळची म्हणते त्यालाही कारण आहे. खेड्यातल्या मुली एसटीने येतात. क्लास संध्याकाळी ठेवला की पहिल्याच आठवड्यात त्यांची नावं गळतात.

७. इंग्रजीची अडचण खरी, पण सांगतात तेवढी मोठी नाही. पायथॉनमध्ये सुरुवातीला लागणारे शब्द वीस-पंचवीस. समजावणं मराठीत व्हावं. आयआयटी मुंबईच्या ‘स्पोकन ट्युटोरियल’ प्रकल्पाचे छोटे धडे मराठीतही आहेत आणि फुकट आहेत.

८. ‘आता एआय कोड लिहितं, मग शिकून काय उपयोग?’ हा प्रश्न मला बहुधा मुलींच्या बाबतीतच विचारला जातो. मुलाला इंजिनिअरिंगला घालताना तो कुणाला सुचत नाही. तरी उत्तर देते. एआयने धरणाचे टक्के ६३ सांगितले, तर ते ५० असायला हवेत हे कोण ओळखणार? मृतसाठा ज्या मुलीला ठाऊक आहे, तीच.

९. बिडकीन आपल्याच तालुक्यात आहे. तिथल्या ऑरिक औद्योगिक नगरीत एथर आणि टोयोटासारख्या वाहन कंपन्या येऊ घातल्यात. त्यांच्या गाड्यांत यंत्राइतकंच सॉफ्टवेअर असतं. जमिनी आपल्या गेल्या. आतल्या नोकऱ्यांत पैठणच्या मुली कुठल्या टेबलावर बसणार, डेटा एंट्रीच्या की त्याच्या पलीकडच्या, हे आजच्या सहावी-सातवीच्या वर्गात ठरतंय.

१०. अंदाजपत्रकं मार्चच्या आत मंजूर होतात, म्हणून या मागण्यांचे अर्ज जानेवारीतच द्यायला हवेत. एक नगरपरिषदेच्या महिला व बालकल्याण समितीला, एक जिल्हा परिषदेला, एक आपापल्या शाळेच्या व्यवस्थापन समितीला. मसुदा एका पानाचा आहे, मी लिहून ठेवलाय. त्याखाली आयांच्या सह्या हव्या आहेत, आणि आज्या आल्या तर फारच बरं.