'ही' गाडी कुठं जाणार?

वेबसाइटवर मथळे लिहिणाऱ्या मंडळींना महिनाभर अंधेरी स्टेशनात इंडिकेटरखाली बसवावं, असं माझं स्पष्ट मत आहे. इंडिकेटर काय सांगतो? बोरीवली, ६.२२, जलद, १२ डबे. संपलं. एवढ्यावर शंभर माणसं धावत सुटतात आणि शंभर जागची हलत नाहीत. घोषणा करणाऱ्या बाई तर गाडी कुठं थांबणार नाही तेही आधी सांगून मोकळ्या होतात. उद्या तिथं वेबसाइटवाले नेमले, तर फलकावर झळकेल : "'ही' गाडी सुटणार 'या' वेळी, कुठं जाणार हे कळल्यावर तुम्हीही चढाल!" आणि कांदिवलीचा माणूस मुकाट्यानं विरारला उतरेल.

हल्ली बातमीच्या दारात आपण जात नाही, बातमीच फीडमधून आपल्या दारात येते. फीड म्हणजे काही अजब चीज नव्हे. मथळा, दोन ओळींचा गोषवारा आणि मूळ मजकुराचा दुवा, अशी तीन कलमांची पावती. १९९९ साली नेटस्केप कंपनीनं तिची एक रीत बसवली, तिला आरएसएस म्हणतात. (आमच्या मजल्यावरच्या नानांना हे सांगितलं, तर म्हणाले, "म्हणजे तुम्हीही शाखेत जायला लागलात म्हणायचं!") गूगलनं आपला रीडर २०१३ साली बंद केला, पण ही पावती काही बंद झाली नाही.

आता गंमत अशी, की ही पावती मूळ पानापासून सुटी होऊन फिरते. सोबत फोटो असेलच असं नाही, आगापीछा नाही. वाचणारा एका हातानं कडी धरून, कुणाच्या तरी काखेखालून पडद्यावरचे पहिले चार शब्द बघतो. त्या चार शब्दांत नाव, गाव, रक्कम यायला नको? तिथं 'धक्कादायक!' लिहिलं की एक शब्द फुकट गेला. आणि गोषवाऱ्यात पुन्हा मथळाच लिहायचा, म्हणजे पासबुकात एकच रक्कम दोनदा भरण्यासारखं आहे.

माझा राग भाषेपुरता नाही. २३ सप्टेंबर २०१९ रोजी रिझर्व्ह बँकेनं पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह बँकेवर निर्बंध घातले. सहा महिन्यांत खात्यातून फक्त १,००० रुपये काढायची मुभा. (ती मर्यादा पुढं वाढत गेली, आणि जानेवारी २०२२ मध्ये बँक युनिटी स्मॉल फायनान्समध्ये विलीन झाली.) ज्यांचे पैसे अडकले त्यांच्यावर विनोद करायची माझी छाती नाही. पण आमच्या बँकेचा त्या प्रकरणाशी सुतराम संबंध नसताना आमच्या काउंटरवर रांग! एका आजींनी मोबाइल काचेला टेकवला. मथळा असा : "'या' बँकेत तुमचं खातं आहे? मग आताच वाचा!" नाव तिसऱ्या परिच्छेदात, दोन जाहिरातींच्या खाली. आजींना पहिलीच जाहिरात हटवता येईना. म्हणाल्या, "तुमचीच ना हो ही बँक? माझी मुदत ठेव मोडून द्या." मुदतीआधी मोडली तर व्याज कमी मिळेल, हे समजावण्यात माझी जेवणाची सुट्टी गेली. "पंजाब अँड महाराष्ट्र बँकेवर निर्बंध, सहा महिन्यांत १,०००च काढता येणार" एवढं लिहिलं असतं, तर ज्याचं खातं तो धावत आत आला असता, आणि आमच्या आजी घरी वाती वळत बसल्या असत्या.

माझा भाचा अशाच एका कचेरीत मथळे पाडतो. तो म्हणतो, "मामा, नाव आधीच सांगितलं तर आत कोण येईल?"

"ज्याचं काम आहे तो!"

"पण पैसे क्लिकवर मिळतात ना."

इथं माझ्यातला बी.कॉम. खवळतो. अरे, मथळा हा चेक आहे, आत तेवढी शिल्लक नको? चेक वटला नाही तर कलम १३८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तुझा मथळा वटला नाही तर तुला बढती! असले मथळे मागं ढकलू, असं फेसबुकनं २०१४ सालीच जाहीर केलं होतं. फेसबुकलासुद्धा लाज वाटली, आता बोला!

कुतूहलाला माझी ना नाही. रहस्यनाटकाच्या जाहिरातीत खुनी कोण ते छापू नये, हे मलाही कळतं. पण बँक कुठली, पाणी कुठल्या वॉर्डात बंद, मेगाब्लॉक कुठल्या मार्गावर, ही काय रहस्यं झाली?

भाच्यानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "बरं मामा, आईनं तुम्हाला रविवारी मुलुंडला जेवायला बोलावलंय."

"येतो की. पण मेगाब्लॉक कुठल्या लाइनवर आहे रे?"

"पाठवतो की लिंक," तो म्हणाला. "वाचा सविस्तर."