हसऱ्या बुद्धाची झोळी

दिवाळीच्या आवराआवरीत शोकेसचा सगळ्यात वरचा कप्पा खाली उतरवला. आमच्या प्राधिकरणातल्या घराची वास्तुशांत, मुलाच्या वाकडच्या फ्लॅटची वास्तुशांत आणि ह्यांची निवृत्ती, अशा तीन समारंभांतल्या भेटवस्तू तिथे धूळ खात पडल्या आहेत. मोजल्या. चार लाफिंग बुद्धा, तोंडात नाणं धरलेले तीन पायांचे दोन बेडूक, काचेच्या ताटलीतलं एक कासव, लाल फितीत ओवलेली चौकोनी भोकाची नाणी आणि एक भलीमोठी चिनी मातीची फुलदाणी. माझे नातेवाईक हे लिखाण वाचतात ह्याची मला कल्पना आहे. ज्यांनी दिलं त्यांनी लगेच रागावू नये, शेवटपर्यंत वाचावं.

आमच्या लग्नात भेट म्हणून स्टीलची भांडी आली, नाव आणि तारीख कोरलेली. त्यातला एक डबा अजून डाळीला वापरते. फेंगशुईची लाट आली ती नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि २००० नंतर. नेमक्या त्याच काळात आपल्याकडे पिंपळे सौदागर, रहाटणी, वाकड, मोशी इथल्या शेतांतून इमारती उभ्या राहिल्या. एकेका मुहूर्तावर एकाच सोसायटीत तीन तीन वास्तुशांती! भेट काय न्यायची हा प्रश्न दुकानदाराने सोडवला. वर नियमही त्यानेच सांगितले. बेडकाचं तोंड घराच्या आत हवं, नाहीतर लक्ष्मी बाहेर जाते. बुद्धाच्या पोटावरून रोज हात फिरवा. आणि सगळ्यात मजेदार म्हणजे हा बुद्ध स्वतः विकत घ्यायचा नसतो, दुसऱ्याने भेट द्यावा लागतो. ज्याने हा नियम काढला तो धंद्यात हुशार, एवढं नक्की.

माझी भाची चाकणच्या एका कारखान्यात दुभाषी आहे, चिनी भाषा शिकलेली. दिवाळीला आली होती, तिच्यासमोर मी हा पसारा मांडला. तिने फुलदाणी हातात घेतली आणि हसायलाच लागली. "मावशी, ह्यावर वटवाघळं आहेत, पाहिलीस का?" मी इतकी वर्षं त्यांना फुलपाखरं समजत होते! माझ्या आईने वटवाघळाची वस्तू उंबऱ्याच्या आत घेतली नसती. चिनी घरात मात्र वटवाघूळ शुभ, कारण काय तर उच्चार. वटवाघळाला चिनीत 'फू' म्हणतात आणि सुखसौभाग्यालाही 'फू'च. पाच वटवाघळं म्हणजे पाच सुखं: दीर्घायुष्य, संपत्ती, आरोग्य, सदाचाराची आवड आणि शेवटी सुखाचं मरण. ह्या वयात पाचवं सुख मला सगळ्यात मोठं वाटतं, पण ते असो. मासा म्हणजे 'यू', आणि शिल्लक उरणं म्हणजेही 'यू'. म्हणून नव्या वर्षाच्या चित्रांत मासे. वर्षाअखेरी घरात काही शिल्लक उरो. फुलदाणी ती 'पिंग', आणि शांततेतलाही शब्द 'पिंग'. म्हणजे आमच्या फुलदाणीत शांतता होती आणि तिच्या पोटावर सौभाग्य उडत होतं, आणि आम्ही तिच्यात छत्र्या ठेवत होतो. छत्रीचा उच्चार तिकडे पांगापांगीच्या शब्दाजवळ जातो म्हणून ती भेट देत नाहीत, हेही तिनेच सांगितलं.

मराठी शिकवण्यात आयुष्य गेलं म्हणून असेल, पण हे सगळं मला अंधश्रद्धा न वाटता भाषेचा खेळ वाटला. आपण तरी वेगळं काय करतो? घरातून निघताना 'जातो' म्हणत नाही, 'येतो' म्हणतो. बांगडी फुटली तर 'वाढवली'. दिवा विझवत नाही, शांत करतो. पाकिटात पाचशे नाही, पाचशे एक घालतो. परक्या माणसाला ह्यातलं ओ की ठो कळणार नाही. तसंच आपलं त्यांच्या वस्तूंबाबत झालं आहे. अर्थ चिनी भाषेत राहिला आणि आपल्याकडे नुसतं खोकं आलं. रिकाम्या खोक्यात दुकानदाराने भीती भरली. 'लकी बांबू'चंच पाहा. तो मुळात बांबू नाही, मध्य आफ्रिकेतलं ड्रासिनाच्या जातीचं झाड आहे. त्याच्या चार काड्या चिनी माणूस देत नाही, कारण चार आणि मृत्यू ह्यांचे उच्चार जवळचे. आमच्या सोसायटीच्या कार्यालयात चारच आहेत आणि सेक्रेटरींची प्रकृती ठणठणीत आहे.

भाचीने आणखी एक किस्सा सांगितला. त्यांच्याकडे यंत्र बसवायला एक चिनी अभियंता काही महिने राहिला होता. निरोपाच्या वेळी सगळ्यांनी वर्गणी काढून त्याला गणपतीचं भिंतीवरचं घड्याळ दिलं. भाची त्या दिवशी रजेवर. 'घड्याळ देणे' आणि 'मरणाऱ्याला शेवटचा निरोप देणे' ह्यांचा उच्चार चिनीत अगदी एक. त्या गृहस्थाने काय केलं? हसून घड्याळ घेतलं आणि खिशातून एक नाणं काढून साहेबांच्या हातावर ठेवलं. म्हणजे मी हे विकत घेतलं, तुम्ही मला दिलं नाही. ह्या लोकांना वाटलं, गंमत करतोय. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या! किती सभ्य माणूस. न कळून दिलेल्या भेटीचा त्याने असा मान राखला.

हे ऐकलं आणि मला माझीच एक गोष्ट आठवली. ती सांगायला थोडी लाज वाटते, पण लिहायला बसले ते त्यासाठीच.

काही वर्षांपूर्वी देहूरोडच्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने रावेतला फ्लॅट घेतला. 'बाई, तुम्ही यायलाच हवं' म्हणाला. जाताना मी ह्याच कप्प्यातला एक लाफिंग बुद्धा घेतला, खोक्यातला, न उघडलेला. मनात काय होतं? घर बौद्धांचं आहे, बुद्धच नेऊ, आवडेल. वंदना झाली, खीर झाली. मुलाच्या वडिलांनी खोकं उघडलं आणि बराच वेळ मूर्तीकडे पाहत राहिले. मग हळूच म्हणाले, "बाई, हे कोण?"

डेपोतून निवृत्त झालेला तो माणूस. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी देहूरोडला रंगूनहून आलेली बुद्धमूर्ती स्थापन केली, तेव्हा ते वडिलांच्या खांद्यावर बसून तिथे होते. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षं आधीची ही गोष्ट. ती मूर्ती त्यांच्या आयुष्यात काय आहे हे मला ठाऊक असायला हवं होतं. मी त्यांच्या मुलाला सहा वर्षं शिकवलं होतं. आणि मी त्यांच्या घरी बुद्ध म्हणून काय नेलं, तर नाण्यांच्या ढिगावर बसलेला, पोट चोळलं की पैसा देणारा. ते रागावले नाहीत. मूर्ती खोक्यात परत ठेवली आणि मला खीर वाढायला सांगितली. त्याचंच जास्त लागलं.

हा गृहस्थ गौतम बुद्ध नव्हेच, हे मला यंदा कळलं. तो चीनमधला दहाव्या शतकातला एक भटका भिक्षू, बुदाई. बुदाई म्हणजे कापडी झोळी. मिळेल ते झोळीत टाकायचा आणि पोरांना वाटून टाकायचा, असं सांगतात. पुढे लोकांनी त्याला मैत्रेयाचा, म्हणजे भावी बुद्धाचा, अवतार मानलं. ज्याने काही साठवलं नाही त्याला आपण धनाचा देव करून शोकेसमध्ये बसवला.

माझं म्हणणं एवढंच की भेट द्या, चिनी द्या, जपानी द्या, पण अर्थ विचारून द्या आणि देताना तो सांगा. आणि 'फेकू नका हं, अपशकुन होतो' असली अट घालून कुणाच्या घरात काही सोडू नका.

भाऊबीज झाल्यावर रावेतला जाऊन आले. वडील आता थकले आहेत, ऐकू कमी येतं. त्यांच्या कानाशी बसून बुदाईची गोष्ट मोठ्याने सांगितली. झोळीपर्यंत आल्यावर म्हणाले, "म्हणजे भिक्खूच की!" नातवाला सांगून त्यांनी माळ्यावरचं खोकं काढायला लावलं. मूर्ती आता नातवाच्या अभ्यासाच्या टेबलावर आहे. बुद्धमूर्ती जिथे आहे तिथे नाही, हेही बरोबरच. खाली त्यांनी थरथरत्या अक्षरात चिठ्ठी चिकटवली आहे: भिक्खू बुदाई, चीन.

फुलदाणीतल्या छत्र्या काढल्या. बेडूक अजून दोन्ही शिल्लक आहेत. कुणाला हवे असतील तर कळवा, गोष्टीसकट देईन.