‘त्या काळी ठाऊक नव्हते’ हे विधान किती खरे?

१/ शिसेयुक्त पेट्रोलचा विषय निघाला की एक समजूतदार वाक्य हमखास ऐकू येते: ‘त्या काळी कुणाला ठाऊक नव्हते.’ इतिहासाचा विद्यार्थी म्हणून माझा या वाक्यावर आक्षेप आहे. काय ठाऊक होते आणि काय नव्हते, ते वेगवेगळे करून पाहू.

२/ आधी मूळ अडचण. इंजिनात ठिणगी पडते, ज्वाला पुढे सरकते. पण तिच्यापुढचे न जळलेले मिश्रण वाढत्या दाबाने आणि उष्णतेने ज्वाला पोहोचण्याआधीच स्वतःहून पेट घेते. तो ठोका म्हणजे ‘नॉक’. तो आहे तोवर इंजिनातील दाब वाढवता येत नाही आणि तेवढ्याच इंधनातून अधिक शक्ती मिळत नाही.

३/ जनरल मोटर्समध्ये चार्ल्स केटरिंग यांच्या हाताखाली थॉमस मिजली यांनी आयोडीन, अ‍ॅनिलीन असे एकामागून एक पदार्थ तपासले. डिसेंबर १९२१ मध्ये टेट्राएथिल लेड हाती लागले. अत्यल्प मात्रेत ठोका नाहीसा झाला.

४/ तो का नाहीसा झाला, हे मात्र तेव्हा खरोखर ठाऊक नव्हते. ज्वलनातील शृंखला-अभिक्रियांचा उलगडा सेम्योनोव्ह आणि हिन्शेलवुड यांनी पुढच्या काळात केला. त्यांना नोबेल मिळाले १९५६ साली. औषध बाजारात आले, रोगाचे निदान मागाहून झाले. हे अज्ञान मी मान्य करतो.

५/ पण शिशाचे विष? ते रोमन काळापासून परिचित होते. व्हिट्रुव्हिअसने शिशाच्या नळांविषयी सावध केले होते. १९२३ मध्ये खुद्द मिजलींनाच शिशाची बाधा झाली. त्याच वर्षी विक्रीला आलेल्या इंधनाचे नाव ठेवले ‘एथिल’. नावातून शिसे तेवढे वगळले!

६/ ऑक्टोबर १९२४. न्यू जर्सीतील बेवे येथील कारखान्यात कामगारांना भ्रम होऊ लागले. पाच जण दगावले. त्यानंतर मिजलींनी पत्रकारांसमोर त्याच द्रवाने हात धुऊन दाखवले.

७/ पर्याय नव्हता का? होता. अल्कोहोल मिसळल्यास नॉक कमी होतो, हे मिजलींनाही माहीत होते. अर्थात तो फुकटचा पर्याय नव्हता: मिसळावा लागे पुष्कळ आणि ऊर्जाही कमी मिळे. परंतु साध्या अल्कोहोलवर मक्तेदारी शक्य नव्हती, टेट्राएथिल लेडवर होती. माझ्या मते पारडे तिथे झुकले.

८/ मे १९२५ मध्ये वॉशिंग्टनला परिषद भरली. ॲलिस हॅमिल्टन आणि यँडेल हेंडरसन यांनी सार्वजनिक आरोग्याला असलेला धोका स्पष्ट शब्दांत मांडला. विक्री काही काळ थांबली. १९२६ मध्ये पुन्हा सुरू झाली. पुढची कित्येक दशके या विषयावरील संशोधन मुख्यतः उद्योगाच्याच पैशावर चालले. १९६५ मध्ये क्लेअर पॅटरसन यांनी त्या निष्कर्षांना जाहीर आव्हान दिले.

९/ भारतात शिसेमुक्त पेट्रोल सर्वत्र मिळू लागले २००० साली. अल्जीरियाने २०२१ मध्ये विक्री थांबवली, तेव्हा मोटारींसाठीचे शिसेयुक्त पेट्रोल जगातून संपले. दरम्यान ते ज्यांच्या श्वासातून रक्तात गेले, त्या मुलांना कुणी विचारले नव्हते.

१०/ म्हणून मित्रहो, ‘ठाऊक नव्हते’ असे कुठे वाचलेत, तर एक प्रश्न जरूर विचारा: कुणाला ठाऊक नव्हते? कामगारांना, की मालकांना? हॅमिल्टनबाईंना तर नक्कीच ठाऊक होते. अज्ञान आणि दुर्लक्ष यांतला भेद पुसू न देणे, हेच आपल्या विषयाचे काम आहे.