भिंतीवरचा पराक्रम

दिवाळीची झाडझूड निघाली, की परभणीकडच्या काही जुन्या वाड्यांत एक सोहळा होतो. बैठकीच्या भिंतीवरचे काळविटाचे मुंडके खाली उतरते, त्याची पीळदार शिंगे तेलाच्या बोळ्याने पुसली जातात आणि नातवाला सांगण्यात येते, “बघ, हा आजोबांचा पराक्रम!”

कसला पराक्रम? रात्री जीप माळावर घालायची, झोतदिव्याने जनावराचे डोळे दिपवायचे आणि ते जागीच खिळले की चाप ओढायचा! पेरणीची नासाडी झाली म्हणून हरणांवर चिडणाऱ्या शेतकऱ्याचे दुःख आम्ही जाणतो. त्याला नुकसानभरपाई वेळेवर मिळालीच पाहिजे. पण भिंतीवर मुंडकी टांगणारा तो नव्हे. ती हौस बैठकवाल्यांची!

यावर उत्तर ठरलेले : “आम्ही ते जनावर जपून ठेवले आहे.” काय जपले आहे, तेही पाहू. डोळे काचेचे, आत पेंढा किंवा साचा. जनावराचे म्हणाल तर कातडे आणि शिंगे. आणि त्या कातड्याला कसर लागू नये म्हणून पूर्वी आतून सोमलाचा साबण चोळीत. हे विष वर्षे लोटली म्हणून निवत नाही. जुन्या मुंडक्याची धूळ झटकताना ते हवेत उडते, आणि आपण कौतुकाने नातवाचा हात त्यावरून फिरवतो!

कायद्याचेही ऐकावे. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने काळवीट, मोर, माळढोक यांची शिकार गुन्हा ठरवली. तेव्हा मारून घरी पेंढा भरण्याची बातच नको. जुन्या वस्तूंची नोंद करण्याची आणखी एक संधी 2003 साली दिली गेली. मालकीचा दाखला असला तरी ती वस्तू विकता येत नाही. दाखला आहे पण ठेवायची इच्छा नाही, अशांना 2022 च्या दुरुस्तीने ती विनामोबदला शासनाकडे सोपवण्याची वाट मोकळी केली आहे.

आजोबांना दोष देऊन आम्हांला पुण्य जोडायचे नाही. त्यांच्या काळी माळ भरलेला होता. तो सरेल, हे त्यांच्या ध्यानीही आले नसेल. आपल्याला मात्र ते दिसते आहे. दख्खनच्या गवताळ माळांवर एके काळी सर्वत्र वावरणारा माळढोक पाहा. त्याच्यासाठी 1979 साली सोलापूरजवळ नान्नजचे अभयारण्य झाले. तिथेही तो आता क्वचितच दिसतो. बंदुकीने जे उरले, ते नांगराने आणि विजेच्या तारांनी संपवत आणले.

काळविटाचे कळप मात्र मराठवाड्याच्या शिवारांत अजून आहेत. तेव्हा या दिवाळीत ते मुंडके पुसण्याचा खटाटोप सोडा. भाऊबीज आटोपली की नातवाला घेऊन पहाटे माळावर जा. कळपाची चाहूल लागली की लांबच थांबा, आणि काळवीट हवेत झेप घेईल तेव्हा नातवाच्या तोंडाकडे पाहा. आजोबांच्या बैठकीत त्या मुंडक्यासमोर तो कधी इतका हरखला होता का?