विश्लेषण : इंग्रजी जिभेला फ्रेंच जड का जाते?

कॅनडात पंतप्रधानपदाची आकांक्षा बाळगणाऱ्या नेत्याला दोन भाषांतील वादचर्चांना सामोरे जावे लागते. एप्रिल २०२५ मध्ये मार्क कार्नी यांच्या धोरणांबरोबरच त्यांच्या अडखळत्या फ्रेंचचीही चर्चा झाली. त्याआधी २०२१ मध्ये एअर कॅनडाच्या प्रमुखांनी मॉन्ट्रियलमध्ये जवळपास संपूर्ण भाषण इंग्रजीत केले आणि नंतर त्यांना माफी मागावी लागली. सामान्य माणसाचे नुकसान वेगळे असते. वर्षानुवर्षे फ्रेंच शिकलेला इंग्रजी भाषक दुकानात तोंड उघडतो आणि विक्रेता सौजन्याने इंग्रजीत उत्तर देतो. संवाद तिथेच संपतो, सरावही.

चूक नेमकी कुठे होते?

बहुतेकांना घशातला ‘र’ हीच मोठी अडचण वाटते. तो गझलमधल्या ‘ग’च्या आसपासचा, चुकला तरी शब्द सहसा समजतो. खरा घोळ स्वरांत आहे. ‘वर’ आणि ‘खाली’ या अर्थांच्या दोन फ्रेंच शब्दांत फक्त एका स्वराचा फरक आहे. ‘रस्ता’ आणि ‘चाक’ यांचेही तसेच. त्यातला एक स्वर म्हणजे आपला सरळ ‘ऊ’. दुसरा इंग्रजीत नाहीच. तो काढायचा तर ‘ई’ म्हणत राहायचे, जीभ जागची हलवायची नाही आणि फक्त ओठांचा चंबू करायचा. इंग्रजी भाषक त्याऐवजी ‘यू’ किंवा सरळ ‘ऊ’ म्हणतो आणि टेबलाच्या वर ठेवलेली वस्तू खाली जाते.

दुसरी खोड हवेच्या झोताची. इंग्रजीत शब्दारंभीचा ‘प’ जुन्या वळणाच्या ‘फ’कडे झुकतो. तोंडासमोर कागदाचा कपटा धरून ‘पॅरिस’ म्हटले की तो हलतो. फ्रेंच ‘पारी’ म्हणताना तो जवळपास स्थिर राहायला हवा. शिवाय इंग्रजी ‘ए’ आणि ‘ओ’ शेवटी घसरतात, फ्रेंचमध्ये ते सुरुवातीला असतात तसेच शेवटपर्यंत राहतात.

लयीचाही प्रश्न आहे. इंग्रज ‘कॅनडा’ म्हणताना पहिल्या अक्षरावर जोर देतो आणि उरलेली दोन गिळतो. फ्रेंच ‘कानादा’त तिन्ही अक्षरे पूर्ण उच्चारली जातात, शेवटचे किंचित लांबते. ही एक सवय सुधारली तर चुकीच्या ‘र’सह बोललेले वाक्यही कानाला फ्रेंच वाटू लागते.

शाळा कमी पडतात का?

मॉन्ट्रियलजवळच्या सेंट लँबर्टमध्ये १९६५ साली इंग्रजी भाषक मुलांना फ्रेंच माध्यमातून शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला आणि देशभर पसरला. मुलांना ऐकलेले-वाचलेले उत्तम समजू लागले. बोलणे मात्र मूळ भाषकांपेक्षा वेगळेच राहिले. कारण उघड आहे. ती मुले दिवसभर एकमेकांचेच फ्रेंच ऐकत होती. इतर वर्गांत तर पहिल्या दिवसापासून छापील शब्द समोर येतो, आणि ज्या भाषेत शेवटची अक्षरे बहुधा मूक असतात तिथे डोळा कानाची दिशाभूल करतो.

उपाय काय?

आधी ऐकण्याचा. जपानी विद्यार्थ्यांवर १९९०च्या दशकात झालेल्या प्रयोगांत इंग्रजी ‘र’ आणि ‘ल’ असलेल्या शब्दजोड्या अनेक वेगवेगळ्या आवाजांत ऐकवून ओळखायला लावल्या गेल्या. ओळख सुधारलीच, पण बोलण्याचा स्वतंत्र सराव न देताही उच्चार सुधारले. फ्रेंच स्वरांसाठी हाच मार्ग धरता येतो. उच्चार सुधारायचा म्हणून आरशासमोर तोंड वेडेवाकडे करण्याआधी फरक ऐकू येतो का, हे तपासलेले बरे.

मराठी भाषकांचे काय?

कॅनडाने २०२३ पासून फ्रेंच जाणणाऱ्या स्थलांतरितांची स्वतंत्र निवड सुरू केली, त्यामुळे हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या वर्गांतही पोहोचला आहे. इथे मराठी जिभेला काही गोष्टी आयत्या मिळतात. ‘प’ आणि ‘फ’ वेगळे आहेत, दंत्य ‘त’ घरचाच आहे. कोकणी बोलणाऱ्याला नाकातले स्वरही नवे नाहीत. अट एकच, शिकताना फ्रेंच शब्द इंग्रजीच्या वाटेने येऊ द्यायचे नाहीत. नाहीतर ‘त’चा ‘ट’ होतो. क्वेबेकमध्ये तर ‘तू’ या अर्थाच्या शब्दाचा आरंभ ‘चूल’मधल्या ‘च’सारखा होतो. टोरांटोतल्या इंग्रजी भाषकाला तो ‘च’ शिकावा लागतो.