खिडकी लावा, कूलर चालू आहे!

“खिडकी लावा रे, कूलर चालू आहे!” हे वाक्य महाराष्ट्रात ज्याने पहिल्यांदा उच्चारलं त्याचा पत्ता मला कुणी मिळवून दिला, तर मी त्याला वकिलाची नोटीस धाडणार आहे. वकील ओळखीचा आहे. त्याचं कर्ज आमच्याच शाखेत थकलंय, तेव्हा फीचा प्रश्न नाही.

आधी माझी लायकी सांगतो. मी बँकेत कारकून. शिक्षण बी. कॉम. शास्त्र या विषयाने मला दहावीतच सोडलं आणि मीही पुन्हा त्याची आठवण काढली नाही. राहायला जुन्नरात, नोकरी मंचरला. म्हणजे रोज नारायणगावावरून एसटीने जा-ये. अशा माणसाने यंत्राविषयी बोलू नये असा एक समज आहे. पण गेल्या उन्हाळ्यात आमचा कूलर दुरुस्त करायला जी माणसं आली ती पाहिल्यापासून माझा न्यूनगंड पार गेला.

आमचं घर पूर्वी पांढऱ्या मातीच्या भिंतींचं होतं. भिंत हातभर जाड. वैशाखातल्या दुपारी माजघरात शिरलं की विहिरीत उतरल्यासारखं वाटायचं. पुढे आम्ही सुधारलो. भिंती पाडल्या, वर स्लॅब टाकला. हा स्लॅब दिवसभराचं ऊन मुदत ठेवीत ठेवतो आणि रात्री व्याजासकट परत करतो. आईचं वय 78. तिचा रात्र रात्र डोळ्याला डोळा लागेना, म्हणून कूलर आणला. पत्र्याचा, मोठा, तीन बाजूंना गवताच्या गाद्या असलेला. तो खोलीच्या मधोमध उभा केला आणि पुण्याहून आलेल्या आमच्या मेहुण्यांनी पहिलं काम काय केलं असेल, तर दोन्ही खिडक्या आणि दार लावून घेतलं. “गारवा बाहेर जातो,” म्हणाले.

पहिला अर्धा तास स्वर्ग. दुसरा अर्धा तास कोकण. तासाभरानंतर आईचं पातळ अंगाला चिकटलं, डब्यातलं मीठ पाझरलं, आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवरचा गणपती लेण्याद्रीच्या पावसात भिजल्यासारखा दिसू लागला. “अरे, गुदमरतंय मला,” आई म्हणाली. मेहुणे म्हणाले, “वयोमानाप्रमाणे होतं तसं.”

मग दुरुस्तीपर्व सुरू झालं. शेजारचे निवृत्त मास्तर म्हणाले, पंप गेला. पंप बदलला. मेकॅनिक म्हणाला, मोटर कमजोर आहे. मोटर बदलली. खरं सांगायचं तर कूलरमध्ये दोष होतेच, आणि ते मला स्टूल घेऊन गाद्यांपुढे नुसतं बसल्यावर दिसले. वरच्या नळीला जी भोकं असतात, ज्यातून पाणी गादीवर झिरपतं, त्यातली निम्मी बोअरच्या पाण्याच्या क्षाराने बुजली होती. त्यामुळे गादीवर ओला पट्टा, कोरडा पट्टा, असा वाघाचा सदरा तयार झालेला. पंखा हवा ओढतो ती सोप्या वाटेने, म्हणजे कोरड्या पट्ट्यातून. ती आत येते तशीच कडकडीत. दाभणाने भोकं मोकळी केली, पांढरं चढलेलं गवत टाकून नवं भरलं, कूलर एका बाजूला कलला होता त्याखाली फरशीचा तुकडा सारला. आता गादी एकसारखी भिजू लागली. खर्च दोनशे रुपयांच्या आत. पंप आणि मोटर उगाच बदलल्याचं दुःख अजून आहे. पण एवढं करूनही तासाभराने खोलीत पुन्हा कोकणच!

उत्तर मिळालं ते कॅश काउंटरवर. अवसरीकडचे एक कांदेवाले खातेदार पासबुक भरून घ्यायला आले होते. सर्व्हर नेहमीप्रमाणे विश्रांती घेत होता, म्हणून मी त्यांना कूलरची कर्मकथा ऐकवली. ते शांतपणे म्हणाले, “सायेब, आमच्या कांदा चाळीला खालून फटी, बाजूनं फटी. हवा हिकडून शिरती, तिकडून निघती. न्हाय निघाली तर कांदा सडतो. तुमी काय कांद्यापरीस टिकाऊ हाय व्हय?”

त्या दिवशी माझा हिशोब दोन वेळा चुकला. पण घरी येऊन मी दोन थर्मामीटर भिंतीला टांगले. एकाच्या टोकाला ओली चिंधी गुंडाळली. (ही युक्ती पुतण्याने सांगितली, तो इंजिनियरिंगला आहे आणि कधीकधी अभ्यासही करतो.) बाहेरच्या ओसरीवर दुपारी कोरडा 38, ओला 23. मधलं 15 अंशांचं अंतर ही कूलरची खरी शिल्लक. आदर्श कूलरसुद्धा हवेला ओल्या काट्याच्या खाली नेऊ शकत नाही. खिडक्या लावून तासभर कूलर चालवला. खोलीत कोरडा 32, ओला 30. शिल्लक दोन! खातं जवळजवळ बंद.

कॉमर्सवाल्याला हे समजायला काहीच जड नाही. एक लिटर पाणी हवेत विरायला सुमारे 580 किलोकॅलरी उष्णता लागते. ती कूलर हवेच्या खात्यातून काढतो आणि वाफेच्या खात्यात जमा करतो. दुहेरी नोंद. उष्णता कुठे नाहीशी होत नाही, नुसतं खातं बदलतं. आता ती वाफ खोलीबाहेर गेली तर व्यवहार चालू राहील. तुम्ही दारं-खिडक्या लावलीत, तर तीच ओली हवा कूलर पुन्हा ओढणार, पुन्हा भिजवणार. ओल्या हवेत पाणी विरत नाही. पंखा फिरतो, पंप गुरगुरतो, बिल वाढतं आणि माणूस उकडतो. म्हणून कूलर खिडकीत ठेवायचा, पाठ बाहेरच्या कोरड्या हवेकडे, आणि समोरच्या बाजूची खिडकी उघडी. एवढंच!

आणि हे आपल्याला ठाऊक नव्हतं असंही नाही. माठ गार होतो तो पाझरून आणि वाऱ्याने. माझ्या आजीने माठ कधी कपाटात कोंडून वर कुलूप घातलं नाही. खिडकीपाशी तिवईवर ठेवला. दोन हजार वर्षांपूर्वी जुन्नरचा व्यापार ज्या नाणेघाटाने चालायचा तिथे आजही एक भला मोठा दगडी रांजण उभा आहे. तो जकातीची नाणी टाकण्यासाठी होता असं सांगतात, आणि त्याच्याजवळ बसणारा माणूस माझा व्यवसायबंधू म्हणून मला त्याच्याबद्दल आपुलकी आहे. तो उन्हाळ्यात घाटाच्या वाऱ्याला बसत असणार. त्याला कुणी “खिंड लावा” असं सांगितलं नसणार.

मेहुण्यांचे आक्षेप ऐका. एक, उघड्या खिडकीतून ऊन येतं. अहो, हवा आतून बाहेर जातेय. बाहेरची गरम हवा उलटी शिरणार कशी? दोन, जुन्नर आहे, बिबट्या येईल. बिबट्याची थट्टा आमच्याकडे कुणी करत नाही. उसाच्या कडेला ज्यांची वस्ती आहे त्यांना विचारा. पण गावातल्या पहिल्या मजल्यावरच्या, गज असलेल्या, वीतभर उघडलेल्या खिडकीतून येणारा बिबट्या फार सडपातळ असावा लागेल. तीन, पाण्यात बर्फ टाका, म्हणजे खिडकीचा वाद मिटेल. याचा मी रीतसर हिशोब केला. एक किलो बर्फ वितळून त्याचं पाणी खोलीइतकं होईपर्यंत शंभर-एकशेदहा किलोकॅलरी खातो. दोन किलो बर्फ म्हणजे धरा 220. आमचा कूलर तासाला सहा लिटर पाणी पितो, म्हणजे एवढी कमाई तो नुसत्या पाण्यावर चार मिनिटांत करतो. चार मिनिटांसाठी आमची ही रोज बर्फाचे ट्रे भरत होती!

इथपर्यंत मी हसत लिहिलं. पुढची गोष्ट हसण्याची नाही. आईची एक तक्रार होती. कूलरच्या जाळीला हात लागला की अंगात मुंग्या येतात, म्हणायची. आम्ही सगळे म्हणालो, बी-पी असेल. गोळी बदलून आणली. एकदा मी अनवाणी, ओल्या फरशीवर उभा राहून टाकीत पाणी ओतत होतो आणि माझा हात तिथे लागला. कोपरापर्यंत झटका बसला. वायरमन आला, त्याने पिन उघडली. बाजारातल्या ज्या दुकानदाराने कूलर विकला (नाव घेत नाही, त्याचं खातं आमच्याकडे आहे), त्याच्या पोऱ्याने आमच्या जुन्या सॉकेटला बसावी म्हणून दोन काट्यांची पिन लावली होती आणि अर्थिंगची हिरवी वायर सरळ कापून टाकली होती. पंपाची वायर आत सोललेली. पत्र्याचा कूलर, ओली फरशी, 78 वर्षांची बाई, आणि आम्ही बी-पीची गोळी बदलतोय. उन्हाळ्यात कूलरला चिकटून माणसं गेल्याच्या बातम्या येतात. त्या वाचून आपण पान उलटतो.

त्याच दिवशी तीन काट्यांची पिन, नवं अर्थिंग आणि गळती झाली की वीज तोडणारा आरसीसीबी बसवला. पाणी भरताना आता बटण नव्हे, पिनच काढायची असा घरात नियम आहे. मी दुकानात जाऊन भांडलोही. दुकानदार म्हणाला, “साहेब, सगळेच असं लावतात.” हे वाक्य आमच्या ऑडिटमध्ये कुणी म्हटलं असतं तर त्याचं निलंबन झालं असतं. कूलरबरोबर तो ट्रॉली फुकट देतो, खसाचा वास फुकट देतो. अर्थिंग ठेवा, खिडकी उघडा, ही दोन वाक्यं त्याला महाग पडतात. आणि मी? पावती बघितली, बेरीज तपासली, पिन बघितली नाही. आईने महिनाभर सांगितलं आणि तिचं वय बघून मी ते ऐकलंच नाही.

डासांचं मी घाईत सांगतो, कारण जागा संपत आली. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ, साचलेल्या पाण्यात अंडी घालतो, आणि आठ-दहा दिवसांत नवी पिढी उडते. म्हणून दर रविवारी टाकी रिकामी करायची. नुसती रिकामी नव्हे, कडा घासायच्या. अंडी पाण्याच्या रेषेवर चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी मरत नाहीत. क्षारही त्यानेच जातो. हे काम आमच्या घरी माझ्याकडे आहे, कारण युक्तिवाद मी केला.

आता कूलर खिडकीत आहे, समोरची खिडकी वीतभर उघडी, आई पांघरूण घेऊन झोपते. मृगाचा पाऊस आला की हवाच ओली होते. तेव्हा पाणी बंद करून नुसता पंखा चालवतो. परवा मेहुण्यांचा पुण्याहून फोन आला.

“दाजी, आमचा कूलर गार करत नाही हो. पंप बदलावा म्हणतो.”

मी म्हटलं, “खिडकी?”

पलीकडे थोडा वेळ शांतता. मग त्यांनी विचारलं, “बरं, तुमच्या बँकेत मुदत ठेवीवर व्याज काय देतात सध्या?”